२^१२७ − १ मूळ आहे हे स्वतः तपासताना: प्रकल्प नोंदी

३ मार्च

काम असं ठरवलं: २^१२७ − १ ही संख्या मूळ आहे, हे स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने सिद्ध करायचं. मोठ्या संख्यांची तयार लायब्ररी वापरायची नाही. गुणाकार, हातचा, बाकी, सगळं आपलं. ते जमलं की संख्येचे आणखी काही गुणधर्मही पडताळून पाहायचे.

संख्या अशी आहे:
१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकूण ३९ अंक. एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं आणि त्यानंतर १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं, हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. संगणकाआधीच्या माणसाने कागदावर जे केलं ते मला निदान यंत्रावर तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून करायचं आहे. नोंदी ठेवते आहे त्या हेच करू पाहणाऱ्या पुढच्या माणसासाठी. चुका गाळणार नाही, कारण वेळ सगळा तिथेच जातो.

४ मार्च

पहिला दिवस वाया गेला. का गेला ते नीट लिहिते.

सोपी चाचणी म्हणून फर्माची घेतली: पाया २, घात (संख्या − १), बाकी १ आली तर मूळ असण्याची शक्यता. लहान घातांकांवर, म्हणजे १२७ च्या जागी लहान संख्या घेऊन, चालवली. ३, ५, ७ मूळ. ११ पण मूळ! पण २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. मला वाटलं घात काढण्याच्या लूपमध्ये चूक आहे. साडेतीन तास लूप तपासत बसले. लूप बरोबर होता.

चूक चाचणीच्या निवडीत होती. २^११ ला २०४७ ने भागलं तर बाकी १ उरते. आणि २०४६ = ११ × १८६. म्हणजे २ चा २०४६ वा घात हा १ चा १८६ वा घात, बाकी १ येणारच. घातांक मूळ असेल तर २^घातांक − २ ला घातांकाने नेहमी भाग जातो, त्यामुळे २^घातांक − १ च्या या घराण्यातली प्रत्येक संख्या पाया २ च्या चाचणीत पास होते, मूळ असो वा नसो. ही चाचणी इथे ‘नाही’ म्हणूच शकत नाही.

पाया ३ घेतला तर २०४७ लगेच पकडली गेली. पण पाया ३ मध्ये पास होणं म्हणजे सिद्धता नव्हे. मला सिद्धता हवी आहे, म्हणून फर्मा बाजूला.

एक नियम आजपासून: प्रत्येक चाचणी आधी ११ वर चालवायची. ११ ला ‘मूळ’ म्हणाली तर पुढे जायचं नाही.

५ मार्च

आज संगणक बंद. लुकास-लेहमर चाचणी कागदावर केली.

कृती एवढीच: ४ पासून सुरुवात. आधीच्या पदाचा वर्ग, त्यातून २ वजा, मग आपल्या संख्येने भागून बाकी. हे (घातांक − २) वेळा करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. यात ‘शक्यता’ नाही, दोन्ही बाजूंनी पक्का निकाल आहे.

घातांक ७, संख्या १२७: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.

घातांक ११, संख्या २०४७: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. चाचणी ‘नाही’ म्हणाली, बरं वाटलं.

घातांक १३, संख्या ८१९१. इथे अडकले. चौथं पद ४८७०, त्याचा वर्ग मी २३७१७९०० लिहिला. पुढची सगळी पदं भलतीच आली आणि शेवटी शून्य नाही. अकरापैकी कुठल्या पायरीवर घसरलं ते सापडेना. मग शाळेतला नवाचा ताळा आठवला. ४८७० च्या अंकांची बेरीज १९, म्हणजे १, म्हणजे वर्गाचीही १ यायला हवी. २३७१७९०० ची बेरीज २९, म्हणजे २. चूक तिथेच. खरा वर्ग २३७१६९००, बेरीज २८, म्हणजे १. मग सगळं सुरळीत:

४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०

शेवटच्या पायरीवर १२८ चा वर्ग १६३८४, वजा २ म्हणजे १६३८२, आणि तो बरोबर ८१९१ ची दुप्पट. हे समोर येताना पाहण्यात जो आनंद आहे तो प्रोग्रामच्या ‘होय’ मध्ये नाही. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी १३ तरी हातानेच करावा. मला ताळ्यासकट पावणेदोन तास लागले.

७ मार्च

सी भाषेत पहिली आवृत्ती, ६४ बिटांत मावणाऱ्या लहान घातांकांसाठी.

भागाकार टाळायची युक्ती या संख्यांमुळेच जमते. द्विमानात १२७ म्हणजे ११११११११ नव्हे, सातच एक: १११११११. २^७ ची बाकी १ असल्यामुळे कुठलीही संख्या सात-सात बिटांवर तोडायची आणि तुकडे एकमेकांवर ठेवून बेरीज करायची, जशी कापडाची घडी घालतो तशी. भागाकाराची गरजच नाही.

चालवलं. ७ संयुक्त, १३ संयुक्त, सगळेच संयुक्त. ११ ची अट मात्र पाळली गेली होती! म्हणजे ४ मार्चचा नियम अपुरा होता. ‘नाही’ म्हणता यायला हवं तसं ‘हो’ही म्हणता यायला हवं. आता चाचणीच्या जोडीला ११ आणि १३ दोन्ही.

शेवटची बाकी छापून पाहिली. ७ साठी १२५. ही १२७ − २. शून्याच्या पुढची पायरी म्हणजे ० − २, तीच ही. लूप एक फेरी जास्त फिरत होता. (घातांक − २) पायऱ्या आहेत आणि ४ ही पायरी नव्हे, सुरुवात आहे. ते दुरुस्त केलं.

आता ७ साठी बाकी १२७ आली. तरी संयुक्त. हे कळायला वेळ लागला. १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९. सात बिटांवर तोडल्यावर वरचा तुकडा ९६, खालचा ३१. बेरीज १२७. तो शून्यच आहे, पण वेगळ्या वेशात. घडी घालताना फक्त बेरीज होते, आणि धन संख्यांच्या बेरजेतून शून्य कधीच निघत नाही. शून्याच्या जागी नेहमी सगळे एक असलेली संख्याच येणार. १३ लाही तेच: १६३८२ ची घडी १ + ८१९० = ८१९१.

एक ओळ वाढवली: सगळे बिट एक असतील तर शून्य समज. त्याबरोबर ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ सगळे मूळ आणि ११, २३, २९ संयुक्त.

९ मार्च

आता मोठ्या संख्या. प्रत्येक संख्या ३२ बिटांच्या कप्प्यांत ठेवली. १२७ साठी चार कप्पे. शाळेतल्या गुणाकारासारखंच: कप्पा गुणिले कप्पा, स्तंभाची बेरीज ६४ बिटांत, हातचा पुढच्या स्तंभात.

६१ मूळ आला. बरोबर. ८९ संयुक्त, १०७ संयुक्त, १२७ संयुक्त. तिन्ही चूक.

गमतीची गोष्ट म्हणजे ६७ संयुक्त आला होता, आणि ते खरं आहे. फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या अशा मूळ संख्यांच्या यादीत ६७ मूळ म्हणून होता, पण ती संख्या संयुक्त निघाली. त्याच यादीत ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. माझी यादीही ८९ आणि १०७ गाळत होती. चुकांमधलं हे साम्य योगायोगाचं आहे, पण त्याने मी फसले. ६७ बरोबर आला म्हणून गुणाकार बरोबर असं धरलं आणि दिवसभर घडीच्या कोडमध्ये चूक शोधत राहिले. सहा तास गेले.

१० मार्च

पायथॉन या भाषेत मोठ्या संख्या आयत्या मिळतात. तपासणीपुरता त्याचा आधार घेतला आणि ८९ ची पदं शेजारी शेजारी छापली. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, २००५९५६५४६८२२७४६११४, इथपर्यंत जुळलं. सातवं पदही जुळलं. फरक त्यापुढे.

मग कागदावरचाच ताळा प्रोग्राममध्ये घातला. दशमानात नवाचा ताळा अंकांच्या बेरजेने होतो. कप्पा ३२ बिटांचा असेल तर ‘नऊ’च्या जागी २^३२ − १ येते आणि ‘अंकांची बेरीज’ म्हणजे कप्प्यांची बेरीज. प्रत्येक वर्गानंतर ताळा. आधीच्या पदाच्या ताळ्याचा वर्ग आणि गुणाकाराचा ताळा यांत फरक आला तो नेमका १.

नेमका १ हे पाहूनच कारण सुचलं. ३२ बिटांच्या दोन भरलेल्या कप्प्यांचा गुणाकार जवळजवळ ६४ बिट व्यापतो. स्तंभात असे दोन गुणाकार मिळवले की बेरीज ६४ बिटांबाहेर जाते आणि वरचा बिट गुपचूप गळतो. गळलेली रक्कम २^६४, आणि तिचा ताळा १. जितके हातचे गळाले तितका फरक.

६१ का वाचला? त्याचे दोनच कप्पे, वरच्यात फक्त २९ बिट. दोन उलटसुलट गुणाकार मिळवले तरी ६२ बिटांत मावतात. ६४ च्या पुढच्या प्रत्येक घातांकाला दुसरा कप्पा पूर्ण भरतो आणि गळती सुरू होते. म्हणजे ६७ चं उत्तर बरोबर होतं ते चुकीच्या वाटेने. संयुक्त संख्येला कुठलीही कचरा बाकी ‘संयुक्त’च म्हणवते. म्हणून नुसतं होय-नाही जुळवू नका, शेवटची बाकी जुळवा.

११ मार्च

कप्पे १६ बिटांचे केले. आता गुणाकार ३२ बिटांचा, आठ गुणाकारांची बेरीज ३५ बिटांत. गळायला जागाच नाही. वेग कमी होतो, पण या आकाराला ते जाणवत नाही. १२७ = ७ × १६ + १५, म्हणून घडीचा जोड कप्प्याच्या मधोमध येतो. तिथे १५ आणि १ बिटांची सरकवासरकव करावी लागते, ती एकदा कागदावर चौकोन आखून ठरवली. पहिल्याच प्रयत्नात बरोबर आली.

२^१२७ − १: १२५ पायऱ्या, प्रत्येकीत ६४ लहान गुणाकार, एकूण ८०००. शेवटचं पद: सगळे बिट एक. म्हणजे शून्य. मूळ.

बोट कळफलकावरून उचलेपर्यंत निकाल आलेला होता. लुकास यांच्यासमोर ३९ अंकी आकड्यांचे वर्ग होते, एकामागून एक.

मग ३ पासून १२७ पर्यंतचे सगळे विषम मूळ घातांक चालवले. एकूण ३०. शून्य आलं ११ ठिकाणी: ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७, १२७. उरलेल्या १९ घातांकांच्या शेवटच्या बाक्या पायथॉनशी अंक न् अंक जुळल्या. घातांक २ या चाचणीत बसत नाही, त्याची संख्या ३ आहे, ती सोडली.

१२ मार्च

६७ बद्दल मनात सल होती, म्हणून त्याचे अवयव स्वतः शोधले. या घराण्यातल्या संख्येचा मूळ अवयव नेहमी घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येतो. ११ साठी २३ = २२ + १, ८९ = ४ × २२ + १. तर ६७ साठी १३४ च्या पटी अधिक १. एकेक पट तपासत गेले आणि १४,४५,५८० व्या पटीला भाग गेला: १९३७०७७२१. दुसरा अवयव ७६१८३८२५७२८७. हेच दोन अवयव एफ. एन. कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले होते. प्रोग्रामला क्षणही लागला नाही, पण हातातला निकाल आता दोन बाजूंनी पक्का आहे.

१४ मार्च

लुकास यांनी ४ नव्हे, ३ पासून सुरुवात केली होती. म्हणून मीही ३ घेऊन सगळे घातांक पुन्हा चालवले. ७ साठी: ३, ७, ४७, ४८, १६, ०. छान. १३ साठी शून्य नाही. ५, १७, ६१, ८९ लाही नाही. पुन्हा दोन तास चूक शोधली, आणि पुन्हा कोडमध्ये चूक नव्हती. ३ ची सुरुवात ज्या घातांकाला ४ ने भागून ३ उरतात त्यांनाच लागू आहे. ३, ७, १९, ३१, १०७, १२७ हे तसे आहेत. उरलेल्यांना त्या वाटेने शून्य येऊच शकत नाही. डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये ४ ची सुरुवात देऊन सगळ्या विषम घातांकांचं काम केलं, ते का मोलाचं ते आज कळलं. २^१२७ − १ दोन्ही सुरुवातींनी शून्यावर पोचते.

१५ मार्च

आज गुणधर्मांचा दिवस. या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेली गोष्ट आज दिसली.

शेवटून दुसऱ्या पदांकडे बघत होते. १३ साठी १२८, म्हणजे २^७. ३ पासून सुरू केलेल्या ७ साठी १६, म्हणजे २^४. ४ पासून सुरू केलेल्या ७ साठी १११, जे काहीच वाटत नाही. पण १२७ − १११ = १६! द्विमानात १११ म्हणजे ११०११११: सगळे एक, मध्ये एकच शून्य, २^४ च्या जागी.

कारण साधं आहे. पुढचं पद शून्य यायचं तर या पदाच्या वर्गाची बाकी २ यायला हवी. आपल्या संख्येत २ चं वर्गमूळ आयतं आहे: २^६४ चा वर्ग २^१२८, म्हणजे २ × २^१२७, आणि २^१२७ ची बाकी १, म्हणून २. मूळ संख्येच्या बाबतीत वर्गमुळं दोनच, एक धन आणि एक ऋण. म्हणून १२७ च्या शेवटून दुसरं पद या दोहोंपैकी एक असलंच पाहिजे:

१८४४६७४४०७३७०९५५१६१६
१७०१४११८३४६०४६९२३१७१३२४०५५९६४२१७४५५४१११

इतक्या पायऱ्या अगदी बेबंद दिसणाऱ्या ३९ अंकी संख्या येत राहतात आणि शेवटच्या आधी एकदम सगळे बिट रांगेत उभे राहतात. माझ्या छापील यादीत यांतलंच एक आलं. कोणतं ते लिहीत नाही. ज्याने स्वतः चालवलं त्याला ते पहिल्यांदा आपल्या पडद्यावर दिसावं.

बाकीच्या गोष्टी भराभर. संख्येला ८ ने भागल्यास ७ उरतात, त्यामुळे ती दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. तिला २^१२६ ने गुणलं की परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज स्वतःइतकी असलेली) मिळते: ७७ अंकी, शेवटचा अंक ८.

संख्येत १ मिळवला तर निव्वळ २ चे घात, म्हणून तर ही चाचणी इतकी सुटसुटीत आहे. १ वजा केला तर चित्र पूर्ण वेगळं. २ × (२^६३ − १) × (२^६३ + १) असं फोडून अवयव काढले. पहिल्या वेळी गुणाकार जुळेना. प्रत्येक अवयवाने एकदाच भागत होते, आणि ३ व ७ परत परत येतात. भाग जातोय तोवर भागत राहायचं अशी दुरुस्ती केल्यावर:

२ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९

शेवटचा अवयव मूळ आहे याची खात्री २,७७,७७४ पर्यंत भाग देऊन केली. यादीत १२७ स्वतः आहे, आणि ते असायलाच हवं: ४ मार्चला ज्या कारणाने माझी फर्मा चाचणी फसली तेच हे कारण.

१७ मार्च

कप्प्यांची संख्या घातांकावरून ठरेल असा बदल केला. २५७ चालवला: मर्सेन यांच्या यादीत मूळ, प्रत्यक्षात संयुक्त. प्रोग्रामनेही संयुक्तच सांगितलं, बाकी पायथॉनशी जुळली. ५२१ आणि ६०७ दोन्ही शून्य. या दोन संख्या १९५२ मध्ये राफेल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रामने स्वॅक या सुरुवातीच्या काळातल्या संगणकावर सापडल्या होत्या. संगणकाने शोधलेल्या या घराण्यातल्या पहिल्या मूळ संख्या त्याच.

शाळेतल्या पद्धतीच्या गुणाकाराने घातांक दुप्पट झाला की काम साधारण आठपट होतं. २२८१ पर्यंत त्रास नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी आहे, तिच्या वाटेला या पद्धतीने जाताच येत नाही. तिथे गुणाकारच वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो.

१२७ ही स्वतः २^७ − १ आहे आणि ७ ही २^३ − १. ही साखळी पुढे नेली तर २^(२^१२७ − १) − १ येते. ती मूळ आहे की नाही हे आजवर कोणालाही ठरवता आलेलं नाही. तिचे अंक लिहायचे तर त्यांची संख्याच ३८ अंकी. तिच्या अवयवांचा शोध मात्र १२ मार्चच्याच पद्धतीने घेता येतो, फक्त पट घ्यायची २ × (२^१२७ − १) ची. माझ्या प्रोग्राममध्ये त्यासाठी हवं ते सगळं आहे. पहिल्या दहा लाख पटी आज रात्री लावल्या आहेत.

आतापर्यंतचा वेळ: सुमारे ३८ तास. त्यातले चूक नसलेल्या जागी चूक शोधण्यात साडेअकरा.